खडबडीत डांबरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या दिवसा दिसतात, रात्री गायब, अन् पावसाळ्यानंतर तं सफाच, काय करावं?

रातचा_प्रवासी (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. मी एका लहान गावच्या ग्रामपंचायतीचा मेंबर आहे, शेती करतो अन् तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात कामाले जातो, घरी परत यायले रोज रात्रीचे साडेआठ-नऊ होते. हायवेच्या फाट्यापासून आमच्या गावापर्यंत ६ किलोमीटरचा रस्ता आहे, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला, पावणेचार मीटर रुंद, दोन्ही बाजूनं काळी माती अन् त्याच्या पलीकडे नाली. आता तुम्हीच सांगा, रस्ता काळा, बाजूची माती काळी, आभाळ काळं, तं अमावास्येच्या रात्री डांबर कुठं संपलं अन् माती कुठं सुरू झाली हे गाडीवर बसून समजतच नाही.

मागच्या वर्षी डिसेंबरमध्ये ठेकेदारानं कडेनं पांढऱ्या पट्ट्या मारल्या. दोन दिवस गावातले पोरं खास पाहाले गेले, इतका बरा वाटला रस्ता. पण रात्री गेलो तं माह्या मोटरसायकलच्या लाइटमध्ये पट्टी अशी दिसे जसा कोणी खडू घासून पुसून टाकला, अन् आता पाऊस गेल्यावर पाहतो तं नाल्याच्या वळणावर पट्टीचं नावच नाही. ऑगस्टमध्ये त्याच वळणावर माह्या चुलतभावाची गाडी डांबर सोडून खाली उतरली, मांगं वहिनी बसून होती, तिचा हात मोडला. रस्ता उजवीकडे वळते हे त्याले दिसलंच नाही, रोजचा रस्ता असून.

ठेकेदाराले फोन केला तं म्हणे, मेंबर, रस्ताच खरबडा आहे, खरबड्या रस्त्यावर पेंट टिकतच नाही. हे खरं आहे का? का फक्त टाळाटाळ? थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून वितळवून मारतात तो जाड माल, मारलं तं टिकते का? अन् ग्रामपंचायतीले स्वतः काही करता येते का? ज्याले कामातलं माहीत आहे त्यानं कृपा करून सविस्तर सांगा, मले ग्रामसभेत बोलायचं आहे.

पट्टीवाला_अकोला

भाऊ मी ११ वर्षांपासून रोड मार्किंगच्या गाडीवर आहे, बॉयलर सांभाळतो अन् पट्टीही मारतो. तुमच्या ठेकेदाराचं बोलणं अर्धं खरं आहे. खरबड्या रस्त्यावर पट्टी टिकवणं कठीण आहे, पण टिकतच नाही असं म्हणणं चूक आहे, तिथं काम वेगळ्या पद्धतीनं करा लागते अन् माल जास्त लागते, मंग परवडत नाही म्हणून कोणी करत नाही.

आधी दोन-तीन गोष्टी पाहून सांगा.

एक तं वळणावर जिथं पट्टी गेली तिथं रस्त्याच्या कडेले सुटी गिट्टी पडली असंन, त्यातली पाच-सहा गिट्टी उचलून पाहा, तिच्यावर पांढरा रंग लागून आहे का. दुसरं, जिथं पट्टी उरली आहे तिथं बोट घासून पाहा, रव्यासारखं खरखरीत लागते का गुळगुळीत. अन् रात्री जाऊन मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या बाजूले धरून दहा पावलं दुरून पट्टीकडे पाहा, चमकते का. टॉर्च पोटाजवळ धरला तं समजणार नाही, डोळ्याच्या जवळच पायजे, काहून का तो प्रकाश ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं वापस येते. हे पाहून लिहा, मंग सांगतो काय झालं ते.

जुना_ओव्हरसियर

मेंबर साहेब, मी रस्त्याच्या खात्यातून निवृत्त झालो, आता वर्धेला राहतो. दिवसा पट्टी दिसते आणि रात्री गायब होते यामागचं गणित फार सोपं आहे पण कोणी सांगत नाही म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा करू नका.

ग्रामसडकवर वरचा थर बहुतेक ठिकाणी २० मिमीचं कार्पेट, म्हणजे डांबर-गिट्टीचा थर, असतं, त्याच्यावर तो बंद करणारा पातळ सील कोट. सील कोट वाळूचा असेल तर पृष्ठभाग जरा भरलेला राहतो, आणि डांबर फवारून वर बारीक गिट्टी पसरलेली असेल तर तो पृष्ठभाग हाताला टोचतो. तुमचा रस्ता दुसऱ्या प्रकारचा दिसतो. अशा रस्त्यावर पातळ पेंट मारला की तो गिट्टीच्या टोकांवर थांबत नाही, खाली खाचांमध्ये ओघळतो. टोकावर राहतो नावापुरता पापुद्रा, आणि टायर घासतो तो टोकालाच. म्हणजे जिथं रंग पातळ तिथंच झीज जास्त. काही महिन्यांत टोकं काळी आणि खाचा पांढऱ्या असा प्रकार होतो. दिवसा ऊन वरून पडतं, आपण उभं राहून खाली पाहतो, खाचेतला पांढरा रंग दिसतो, म्हणून पट्टी ठीक वाटते.

आता रात्रीचं पाहा. पट्टीची चमक मोजायच्या मशीनमध्ये जो हिशोब धरलेला आहे तो असा की हेडलाइट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर, ड्रायव्हरचा डोळा १.२ मीटर, आणि पट्टी ३० मीटर पुढे. म्हणजे हेडलाइटचा प्रकाश रस्त्याला जेमतेम सव्वा अंशानं लागतो, जवळजवळ रस्त्याला चाटतच जातो. अशा प्रकाशात २ मिमी वर आलेल्या एका गिट्टीची सावली किती पडेल? हिशोब करून पाहा, ९ सेंटिमीटरच्या वर. दोन गिट्ट्यांमध्ये अंतर असतं एक सेंटिमीटर. म्हणजे मागची खाच पूर्ण अंधारात. तुमच्या खाचेत कितीही पांढरा रंग असो, हेडलाइटचा प्रकाश तिथं पोचतच नाही. रात्री फक्त टोकं आणि तुमच्याकडे तोंड केलेली बाजू कामाची, आणि तिथलाच रंग आधी जातो. मोटरसायकलचा लाइट कारपेक्षा थोडा वर असतो म्हणून सावली थोडी आखूड, पण फरक फार नाही.

पावसात आणखी एक भानगड असते. रंगावर काचेचे मणी असतात, ग्लास बीड्स, खसखशीएवढे किंवा त्याहून बारीक. प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या पांढऱ्या रंगावर आपटतो आणि आला तिकडे परत जातो. मण्यांवर पाण्याचा थर चढला की प्रकाश पाण्यावरूनच पुढे सटकतो, तुमच्याकडे येत नाही. खडबडीत रस्त्याची टोकं पाण्याच्या वर राहतात, म्हणजे टोकांवर रंग आणि मणी शाबूत असतील तर रिमझिम पावसात खडबडीत रस्त्यावरची पट्टी गुळगुळीत रस्त्यापेक्षा बरी दिसते. तेव्हा खडबडीतपणा सरसकट वाईट नाही, टोकावर रंग टिकवायचं जमलं तर उलट फायदा आहे.

धानपट्टा (भंडारा)

आमच्याकडे पट्टीचा विषयच सोडून दिला भाऊ. धानाच्या रोवणीत ट्रॅक्टरवाले केजव्हील लावूनच डांबरी रस्त्यानं जातात, लोखंडी चाक, एका पावसाळ्यात रस्त्यावर अशा चिरा पडतात की पट्टी सोडा सील कोटही राहत नाही. कायद्यानं बंद आहे, पण कोण पाहते. मग आम्ही गावकऱ्यांनी मिळून जे आधीच्या काळी होतं तेच केलं, रस्त्याकडेच्या झाडांना खाली चुना अन् गेरूचे पट्टे. आमच्या आजोबांच्या वेळी सगळ्याच रस्त्यांवर असायचे, नंतर कमी झाले. पट्टी जमिनीवर आडवी असते, झाड उभं असतं, लाइट सरळ त्याच्यावर पडते. वळणावर ओळीनं पांढरी झाडं दिसली की रस्ता कुठं वळते ते दुरूनच समजते. जिथं झाड नाही तिथं दगड गाडून चुना मारला. खर्च म्हणाल तर दोन पोती चुना अन् श्रमदान. पट्टीच्या मागं लागू नका हेच माझं सांगणं.

पट्टीवाला_अकोला

धानपट्टा भाऊ, झाडाचं तुमचं बरोबर आहे, वळणासाठी उभी वस्तू पायजेच. पण समोरून ट्रक फुल्ल लाइट मारत आला का माणसाचे डोळे दिपते, तेव्हा तो दूरचं झाड पाहत नाही, चाकाच्या समोर पाहते, अन् तिथं कडेची पट्टी असली तं माणूस वाचते. मी हे स्वतः भोगलं आहे म्हणून सांगतो. दोन्ही पायजे, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही.

रातचा_प्रवासी (यवतमाळ जिल्हा)

सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी कामावरून येताना वळणावर थांबलो, लेकालेही बोलावून घेतलं होतं, तो बारावीले आहे. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

कडेच्या मातीत सुटी गिट्टी भरपूर आहे. दहा उचलल्या. सात गिट्ट्यांवर पांढरा रंग अजून पक्का आहे, नखानं खरवडला तरी निघत नाही! म्हणजे पट्टी गेली नाही, पट्टीखालची गिट्टीच गेली. अन् एक गोष्ट पाहून मी चाट पडलो, त्या गिट्टीवर एका बाजूनं पांढरं अन् दुसऱ्या बाजूनं काळंशार. रंग लागलाच नाही तिकडून. मंग जिथं पट्टी उरली आहे तिथं खाली बसून पाहिलं, फाट्याकडून गावाकडे पाहिलं तं पट्टी बऱ्यापैकी पांढरी, गावाकडून फाट्याकडे तोंड केलं तं तीच पट्टी राखेसारखी. मी रोज सकाळी गावाकडून जातो तेव्हा वाटे का ऊन समोरून येते म्हणून फिकी दिसते.

बोट घासलं तं गुळगुळीत, कुठंच खरखर नाही. रात्री टॉर्च डोळ्याजवळ धरून पाहिला, काहीच चमक नाही, बाजूले उभ्या बैलबंडीच्या मांगच्या रेडियम पट्टीवर टॉर्च गेला तं ती अशी पेटली जसा बल्ब.

ओव्हरसियर साहेब, खरबडेपणा किती आहे हे मोजता येते का घरच्या घरी? ठेकेदारासमोर काहीतरी आकडा ठेवला पायजे.

जुना_ओव्हरसियर

येतं मोजता. वाळूची चाचणी म्हणतात तिला. बारीक कोरडी चाळलेली वाळू मोजून घ्या, औषधाच्या मापानं ५० मिली. पट्टीच्या बाजूला रस्ता ब्रशनं स्वच्छ झाडा, वाळूची ढेरी करा आणि एखाद्या सपाट लाकडी ठोकळ्यानं गोल गोल फिरवत पसरा, गिट्टीची टोकं दिसू लागली आणि वाळू खाचांमध्ये बसली की थांबा. मग त्या गोलाचा व्यास चार बाजूंनी मोजून सरासरी काढा. समजा २० सेंटिमीटर आला तर गोलाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, ५० भागिले ३१४, म्हणजे सरासरी खोली १.६ मिमी. गोल २५ सेंटिमीटरचा झाला तर खोली १ मिमी. गोल जितका लहान तितका रस्ता खडबडीत. वारा नसताना करा, वाळू उडते. मुलाकडून करून घ्या, त्यालाही गोडी लागेल.

रातचा_प्रवासी (यवतमाळ जिल्हा)

केलं साहेब, आज सकाळी तीन जागी. गावातल्या जुन्या भागात २४, मधे २१, अन् वळणावर साडे एकोणीस-वीस. लेकानं वहीत लिहून ठेवलं तारखेसह.

पट्टीवाला_अकोला

आता ऐका. तुम्ही जे लिहिलं त्यात चार चुका सरळ दिसून राहिल्या.

पहिली, सील कोट ताजा असताना पट्टी मारली. नवीन गिट्टी पसरली का काही आठवडे गाड्या फिरू द्या लागते, सुटी असंन ती उडून जाते, पक्की असंन ती डांबरात बसते, मंग झाडून काढून पट्टी मारा. तुमच्या इथं सुट्या गिट्टीवरच रंग मारला, गिट्टी उडाली तं रंगही तिच्यासंग उडाला. रंगाची काहीच चूक नाही.

दुसरी म्हणजे एकाच दिशेनं मारली. स्प्रे असो का रोलर, खरबड्या रस्त्यावर एका दिशेनं गेलं का गिट्टीची मांगची बाजू कोरी राहते. आम्हाले आमच्या जुन्या मिस्त्रीनं शिकवलं होतं, पहिला हात जाताना, दुसरा हात येताना. पहिला पुरता वाळल्यावर दुसरा. डांबरावर ऑइल पेंटचा पहिला हात थोडा तपकिरी होतेच, त्यातलं थिनर डांबर ओढून वर आणते, म्हणून एका हातात काम संपवायचं नसते.

तिसरी, मणी टाकलेच नाही, नाहीतं बोटाले लागले असते. मणी रंग ओला असतानाच पडले पायजे. एकेक मणी अर्ध्याच्या थोडा जास्त रंगात बुडलेला अन् बाकीचा वर. रंग सुकल्यावर टाकले तं झाडूसंग निघून जाते, लय पातळ अन् गरम मालात टाकले तं पुरे बुडून जाते, दोन्हीत चमक नाही.

चौथी म्हणजे काळ्या मातीची, ट्रॅक्टर वावरातून निघते अन् चाकाची माती कडेनं सांडत जाते, ती वाळून पापडी होते. त्याच्यावर मारलेली पट्टी पहिल्या पावसात पापडीसंग निघते. नुसतं झाडून होत नाही, धुवून वाळवा लागते.

थर्मोप्लास्टिकचं विचारलं तुम्ही. टिकते, पण हिशोब पाहा. साध्या रस्त्यावर २.५ मिमी जाड मारतो, चौरस मीटरले अंदाजे ५ किलो माल. तुमच्या वळणावर खाच १.६ मिमीची, ती आधी भरायले चौरस मीटरले आणखी ३ किलोच्या वर माल जाते, तेव्हा कुठं वर अडीच मिमी उभं राहते. म्हणजे ५ च्या जागी ८ किलो. ठेकेदार ५ च्याच हिशोबानं आणते, मंग गिट्टीच्या टोकावर फक्त चाटून जाते, अन् वर्षभरात टोकं उघडी. पूर्ण ६ किलोमीटर नका करू. वळणाच्या २०० मीटरले दोन्ही बाजूनं १० सेंटिमीटरची पट्टी म्हणजे ४० चौरस मीटर, ८ किलोनं सव्वातीनशे किलो, २५ किलोच्या १३ बॅगा. तेवढं पक्कं करा, बाकीले दोन हात पेंट अन् मणी.

रस्ता ओला असताना बिलकुल मारू नका, थर्मोप्लास्टिक १८०-२०० डिग्रीचं असते, खाली ओल असली का वाफ होऊन फोड येते. हिवाळ्यात सकाळी दव असते, म्हणून ११ वाजल्याच्या आत बॉयलरमधून माल काढायचा नाही. शंका असंन तं रात्री रस्त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूनं चिकटवून ठेवा, सकाळी खालून थेंब दिसले का समजायचं. अन् कोणी घाईत माल जास्त तापवला तं पट्टी पिवळट-तपकिरी येते, तशी आली तं लगेच काम थांबवा.

शिक्षिका_वाशिम

मी रोज स्कूटीनं शाळेत जाते, २२ किलोमीटर, म्हणून एवढंच सुचवते की थर्मोप्लास्टिक कराल तर गुळगुळीत करू नका. पावसात त्या पट्टीवर चाक गेलं की गाडी सटकते, माझी दोनदा सटकली आहे. मालात बारीक खडीची भुकटी किंवा खरखरीत वाळू घालतात का हे पट्टीवाले दादा सांगतील. आणि वळणाच्या आतल्या बाजूला सलग जाड पट्टी असली की पाणी अडून डबकं होतं, मधे मधे फट सोडायला सांगा.

आमच्या शाळेत आम्ही कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी गावातल्या सगळ्या बैलबंड्यांना मागून रेडियम लावून घेतो, मुलंच घरोघरी जातात. रस्त्यावरची पट्टी होईल तेव्हा होईल, बंडीला एका दिवसात होतं. रोही (नीलगाय) आडवी आली तर काही इलाज नाही, पण निदान उभी बंडी तरी दिसते.

पट्टीवाला_अकोला

ताई बरोबर बोलल्या. मण्यांसंग कडक वाळूसारखा दाणा टाकता येते, तो सांगून टाकून घ्या लागते. फटीचंही खरं आहे, आम्ही दर काही मीटरले हातभर सोडतो.

जुना_ओव्हरसियर

मेंबर साहेब, आता कागदाचं. ग्रामपंचायतीनं परस्पर रंग मारू नका, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारल्याशिवाय उद्या काही झालं तर तुमच्यावर येईल. फाट्यावर योजनेचा बोर्ड असेल, त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीचा काळ लिहिलेला असतो. ग्रामसडकमध्ये बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच ५ वर्षं देखभाल असते. तारीख त्यात बसत असेल तर ही भीक नाही, त्याचं काम आहे. बोर्डाचा फोटो, दोन्ही दिशांनी काढलेले पट्टीचे फोटो, त्या गिट्ट्या आणि मुलाच्या वहीतले आकडे लावून उपअभियंत्यांना अर्ज द्या, मेरी सडक अॅपवरही टाका, तिथं फोटोसकट तक्रार जाते. अर्जात 'पट्टी खराब आहे' असं लिहू नका. लिहा की गिट्टी सुटली, रंग एका दिशेनं, मणी नाहीत, वळणावर खोली १.६ मिमी. आधी सुटलेली गिट्टी दुरुस्त करून मग पट्टी, हा क्रम लिहायला विसरू नका, नाहीतर पुन्हा तेच होईल.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला गार्ड स्टोन, म्हणजे कडेला उभे गाडलेले दगड, आणि नाल्याच्या पुलाच्या दोन्ही टोकांना रेडियमचे मार्कर मागा. धानपट्टा म्हणतात ते उभ्या वस्तूचं तत्त्व तेच आहे.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये धरा. रस्ता कोरडा असतो, दव संपलेलं असतं आणि डांबर अजून पाझरत नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत डांबर वर येतं आणि नवी पट्टी आठ दिवसांत काळवंडते.

रातचा_प्रवासी (यवतमाळ जिल्हा)

बोर्ड पाहून आलो, अजून दोन वर्षं बाकी आहे! गिट्ट्या प्लास्टिकच्या डब्यात भरून ठेवल्या, डब्यावर जागा अन् तारीख लिहिली. अर्ज उद्या टाईप करतो. तोवर रविवारी गावातले पंधरा-वीस जण मिळून वळणावरच्या कडुनिंबाले अन् चिंचेले चुना-गेरू मारणार आहे, वहिनीनंही एका हातानं का होईना, मी येते म्हटलं. बैलबंड्यांचं ताईंनी सांगितलं ते शाळेत हेडमास्तरांशी बोललो, ते तयार आहे.

एकच राहिलं, पट्टीच्या आधी रस्ता साफ करायले ठेकेदार कंप्रेसर आणन का नाही भरवसा नाही. काही गावठी उपाय आहे का?

पट्टीवाला_अकोला

तुमच्याकडे संत्रावाले असंन तं त्यांच्याकडचा पाठीवरचा फवारणीचा ब्लोअर आणा. टाकीत औषध अन् पाणी काहीच नको, टाकी साबणानं धुवून पुरी कोरडी करा, नुसती हवा सोडा. आधी तारेच्या ब्रशनं पापडी फोडा, टँकरनं धुवा, एक दिवस कडक ऊन खाऊ द्या, मंग ब्लोअर, अन् ब्लोअरच्या मांगंच पट्टी, मधे ट्रॅक्टर जाऊ देऊ नका. झाडाले खिळे ठोकून रेडियम लावू नका, दगडाले लावा. मारायच्या दिवशी सांगा, अकोल्याहून येता आलं तं मी येतो.